गाळ्यात पाणी शिरल्यावर क्लेम कन्सल्टंट नेमताना

अमेरिकेत विमेदाराच्या बाजूने नुकसान मोजणारा परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर मिळतो. आपल्याकडे असा परवानाच नाही. रबाळे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये गाळा बुडाला की ‘क्लेम पास करून देतो’ म्हणत येणारा माणूस खासगी सल्लागार असतो. नुकसानाची पाहणी करून अहवाल देणारा सर्व्हेयर वेगळा. त्याला आयआरडीएआयचा (विमा नियामकाचा) परवाना असतो, त्याला विमा कंपनी नेमते आणि फीही कंपनीच देते. सर्व्हेच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आधी कंपनीला ईमेलने कळवून क्लेम नंबर घ्या. भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा. भिजलेला माल बाजूला काढा, पण सर्व्हेयरने पाहीपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. मग खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्न आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट एकमेकांशी ताडून पाहा. दावा अडकतो तो इथे. कॅश क्रेडिटसाठी बँकेला एक आकडा दिलेला असतो, क्लेममध्ये दुसराच येतो.

आता माणूस लागतोय का ते ठरवा. माल 40 लाखांचा, विमा 30 लाखांचा आणि नुकसान 8 लाखांचं असेल, तर अ‍ॅव्हरेज क्लॉजने (विमा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) 6 लाखच धरले जातात; त्यातून एक्सेस, म्हणजे आपण स्वतः सोसायचा हिस्सा, वजा होतो तो वेगळा. भारत सूक्ष्म आणि लघु उद्यम सुरक्षा पॉलिसींत विम्यातली 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण या उदाहरणात ती 25 टक्के आहे. हे गणित कुठलाही कन्सल्टंट बदलू शकत नाही. यंत्र दुरुस्त होईल की बदलावं लागेल, घसारा किती, भंगाराची किंमत किती, असा वाद असेल तर मात्र जाणकार माणूस कामाचा. तेव्हाही चार्टर्ड इंजिनियरचा लेखी अहवाल आणतो का, हे आधी विचारा.

करार लेखी हवा. टक्केवारी पूर्ण रकमेवर नको, सर्व्हेयरच्या आकड्यावर जेवढी वाढ मिळेल तेवढ्यावरच. फी पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्यावर. कोरा चेक, कोरं डिस्चार्ज व्हाउचर (रक्कम मान्य असल्याची सही केलेली पावती) किंवा मूळ बिलं त्याच्याकडे द्यायची नाहीत. ‘माल थोडा वाढवून दाखवू’ म्हणाला तर तिथेच थांबा. खोटेपणा उघड झाला की पूर्ण दावा जातो.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. व्यक्ती आणि सूक्ष्म उद्योगांना 50 लाखांपर्यंत तिथे मोफत दाद मागता येते, पण वकील किंवा एजंट चालत नाही. तिथे तुम्हालाच बोलायचं असतं. म्हणून कन्सल्टंटने पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि सही करण्याआधी वाचा.