फास लायगंडमुळे होणारा पेशीमृत्यू कसा तपासावा

पेशी मेल्या एवढेच दाखवायचे असेल तर ट्रायपॅन ब्लू हा मृत पेशींत शिरणारा रंग पुरेसा आहे; परंतु त्या फास लायगंड या, समोरच्या पेशीला मरणाचा संदेश देणाऱ्या प्रथिनामुळेच आणि पूर्वनियोजित मार्गानेच (ॲपॉप्टोसिस) मेल्या हे सिद्ध करायचे असेल, तर प्रयोगाची आखणी सुरुवातीपासून त्याच हेतूने करावी लागते. पुण्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रकल्पात सर्वाधिक विचार याच आखणीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फास लायगंडचे जनुक १९९३ मध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने वेगळे केले. हे प्रथिन समोरच्या पेशीवरील फास ग्राहीला जोडले गेले की ग्राहीच्या आतील टोकाशी फॅड हे प्रथिन व प्रोकॅस्पेझ-८ (प्रथिने तोडणाऱ्या कॅस्पेझ-८ या विकराचे निष्क्रिय रूप) एकत्र येतात, कॅस्पेझ-८ सक्रिय होते आणि पुढे कॅस्पेझ-३ पेशीतील प्रथिने तोडू लागते. जर्काट पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी रक्तकर्करोगाच्या टी-पेशी) मात्र त्यासाठी तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रिया) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडण्याचीही गरज असते.

याच जर्काट पेशी प्रयोगासाठी सोयीच्या आहेत, कारण त्या फासला चांगला प्रतिसाद देतात आणि तरंगत वाढत असल्याने चिकटलेल्या पेशी सोडवणारे ट्रिप्सिन वापरावे लागत नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीसंग्रह आहे. तेथे मार्गदर्शकांमार्फत वेळेवर चौकशी करावी. १० टक्के सीरम असलेल्या आरपीएमआय-१६४० माध्यमात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशी वाढवाव्यात. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, म्हणून इन्क्युबेटर जनरेटरवर आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे.

येथे एक मुद्दा निर्णायक ठरतो. पेशीपटलावरील फास लायगंड प्रभावी असते, पण त्यापासून सुटून विरघळलेले रूप बरेच दुबळे असते. म्हणून टॅग (ओळखीसाठीचा छोटा तुकडा) जोडलेले फास लायगंड वापरताना त्या टॅगविरुद्धचे प्रतिपिंड घालून रेणू एकत्र बांधावे लागतात. हे प्रतिपिंड सोडियम ॲझाइड या परिरक्षकाविना असावे, कारण ॲझाइड स्वतःच पेशींना विषारी असते.

आता नियंत्रण नमुने. एका नळीत प्रतिपिंड वा लायगंड यांपैकी काहीही घालू नये, दुसऱ्या नळीत केवळ प्रतिपिंड घालावे, तिसऱ्या नळीत प्रतिपिंडासह फास लायगंड द्यावे, आणि चौथ्या नळीत झेड-व्हॅड-एफएमके हे कॅस्पेझरोधक अर्धा ते एक तास आधी देऊन मगच प्रतिपिंडासह लायगंड घालावे. हा रोधक ज्या द्रावकात विरघळवला असेल, तो द्रावक तेवढ्याच प्रमाणात इतर नळ्यांतही असायला हवा. चौथ्या नळीत मृत्यू थांबला, तरच तो कॅस्पेझच्या मार्गाने होत होता असे म्हणता येते.

काही तासांनी पेशी धुऊन, कॅल्शियमयुक्त बफरमध्ये रंग जोडलेले ॲनेक्झिन-व्ही आणि पटल फाटलेल्या पेशींत शिरणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घालून अंधारात १५ मिनिटे ठेवाव्यात. ॲनेक्झिन कॅल्शियमशिवाय फॉस्फॅटिडिलसेरीनला (मरणाऱ्या पेशीच्या पटलावर बाहेर येणारा मेदरेणू) चिकटत नाही, म्हणून या बफरमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए चालत नाही. एकेकच रंग दिलेले नमुनेही सोबत ठेवावेत, आणि सर्व नमुने तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारे यंत्र) वाचावेत. केवळ ॲनेक्झिन लागलेल्या पेशी सुरुवातीच्या टप्प्यात असतात. दोन्ही रंग घेतलेल्या पेशी मात्र पूर्वनियोजित मृत्यूच्या अखेरीस आहेत की अन्य कारणाने फुटल्या आहेत, हे एकाच वेळच्या मोजणीवरून ठरत नाही, म्हणून दर दोन तासांनी स्वतंत्र नमुना घ्यावा.