कर्क रास आकाशात कशी शोधायची (आणि ती दिसत का नाही)

कर्क शोधायला गेलात आणि काहीच दिसलं नाही तर चूक तुमची नाही, बारा राशींमधली सगळ्यात फिकट रास आहे ही, सगळ्यात तेजस्वी तारासुद्धा जेमतेम 3.5 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट). खेकडा तर मला आजपर्यंत दिसलेला नाही, एक उलटा वाय दिसतो फारतर. म्हणून कर्क शोधायचीच नाही, रिकामी जागा शोधायची!

फेब्रुवारी ते एप्रिल, रात्री, चंद्र नसताना बाहेर पडा, मोबाईल खिशात ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आधी पुनर्वसूचे जवळजवळचे दोन तारे पकडा, म्हणजे मिथुन. मग सिंहेतला मघा तारा. या दोघांच्या मधे जो ओसाड पट्टा आहे ना, तीच कर्क. आता हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश, पुनर्वसूच्या जास्त तेजस्वी ताऱ्यापासून मघाच्या दिशेने दीड मूठ जा. तिथे एक धुरकट ठिपका दिसेल, सरळ रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा मग उठून दिसतो. हा एम 44 तारकागुच्छ, पुष्य नक्षत्र इथलंच. गॅलिलिओने दुर्बिणीतून बघितलं तेव्हा त्या एका ढगात 40 च्या आसपास तारे निघाले, साध्या 10×50 बायनॉक्युलरमधूनही मस्त दिसतो. टेलिस्कोप असेल तर तो राहू द्या, गुच्छ चंद्राच्या तिप्पट रुंद आहे, एका नजरेत मावत नाही.

आता गोंधळ होतो तो इथे. ज्योतिषातली रास म्हणजे बरोब्बर 30 अंशांचा तुकडा, आकाशातल्या तारकासमूहाची हद्द वेगळी. त्या हद्दीप्रमाणे सूर्य कर्केत असतो 20 जुलै ते 10 ऑगस्टच्या आसपास, आणि आश्लेषा कर्क राशीत मोजतात पण तिचे तारे बाजूच्या वासुकी या तारकासमूहाच्या डोक्यात आहेत. कर्कवृत्ताचंही (21 जूनच्या सुमारास सूर्य जिथे बरोब्बर डोक्यावर येतो ती रेषा) तेच, नाव पडलं तेव्हा 21 जूनच्या सुमारास सूर्य कर्केत असायचा, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो (एक फेरी 26,000 वर्षांची) म्हणून आता तो मिथुन-वृषभच्या सीमेवर असतो, नाव मात्र कोणी बदललं नाही.

आणि हो, त्या ओसाड पट्ट्यात एखादा ठसठशीत तारा दिसलाच तर लगेच खूश होऊ नका, सूर्याचा मार्ग गुच्छाच्या अगदी शेजारून जातो त्यामुळे तो बहुतेक ग्रह असणार, दोन-तीन आठवड्यांनी परत बघा, सरकलेला असेल.