उतारावरच्या स्केटबोर्ड शर्यतीत साहित्य तपासनीस होऊ पाहणाऱ्यांसाठी

उतारावरच्या स्केटबोर्ड शर्यतीत इंजिन नसते. स्पर्धकाला खाली खेचते ते गुरुत्वाकर्षण, आणि ते सर्वांना सारखेच लाभते. त्यामुळे या खेळात अन्यायाला जागाच नाही, असा अनेकांचा समज असतो. धुळ्यातील मुलांच्या सरावशर्यतींत साहित्य तपासण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे आणि माझे मत याच्या उलट आहे. जोर सर्वांना सारखा मिळत असल्यामुळे उरलेला फरक कौशल्य, वजन आणि साहित्य यांतूनच पडतो. म्हणून साहित्याचे नियम येथे अधिक काटेकोर असले पाहिजेत.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. पीट कॉनोली यांनी २०१७ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतात स्केटबोर्डवर ताशी १४६.७३ किलोमीटर वेग गाठला होता. आपली मुले त्याच्या निम्म्या वेगानेही डांबरावर पडली तरी कातडी सोलून निघते. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, जाड चामड्याचा पोशाख आणि घसरण्यासाठी तळहाताला कठीण चकत्या लावलेले हातमोजे नसतील, तर स्पर्धकाला प्रारंभरेषेवर उभे करू नये. मात्र ज्याच्या घरी हा खर्च परवडत नाही, त्याला हे साहित्य आयोजकांनी द्यावे, एवढा आग्रह तपासनिसाने अवश्य धरावा. लळिंग घाटासारख्या वाहत्या महामार्गावर सरावाचा विचारही करू नये. परवानगी घेऊन पूर्णपणे बंद केलेला रस्ता किंवा बंदिस्त आवारातील उतार हीच या खेळाची जागा.

या कामासाठी थोडे भौतिकशास्त्र पक्के हवे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून फडफडणारा सदरा घातलेला मुलगा आणि अंगासरशी पोशाख घातलेला मुलगा यांच्यात मोठा फरक पडतो. वजन वाढते त्या प्रमाणात शरीराचा हवेला अडणारा भाग वाढत नाही, त्यामुळे जड स्पर्धक लांब उतारावर अधिक वेग गाठतो. आम्ही म्हणूनच फेऱ्या केवळ वयानुसार न लावता वजनही पाहतो. पालक मात्र चाके फिरती ठेवणाऱ्या बेअरिंगवर पैसे घालतात. डबीवरील ‘एबेक’ हा आकडा बेअरिंग किती अचूक मापात घडवले आहे ते सांगतो, ते किती वेगाने धावेल ते नव्हे. ही गोष्ट पालकांना शांतपणे समजावणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

खानदेशात खरी कसोटी लागते ती चाकांपाशी. चाके पॉलियुरेथेनची असतात आणि त्यांचा कठीणपणा ड्युरोमीटर नावाच्या उपकरणाची बोथट सुई दाबून ‘ए’ मापनश्रेणीत मोजतात. उतारावरची चाके साधारण ७८ ते ८३ च्या दरम्यान असतात. हे द्रव्य तापले की मऊ पडते. एका उन्हाळ्यात एका मुलाने आपला बोर्ड मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवला होता. चाक हाताला चटका देत होते आणि सुई नियमातील मर्यादेच्या खाली थांबली. तोच बोर्ड लिंबाच्या सावलीत ठेवून, चाके पुरती निवल्यावर पुन्हा मोजला, तेव्हा तो नियमात बसला. मुलाने काहीही लबाडी केली नव्हती. अपुरा होता तो आमचा नियम, कारण त्यात कठीणपणाचा आकडा होता, पण तो कोणत्या तापमानाला मोजायचा हे नव्हते. आता सर्व बोर्ड एकाच सावलीत, एकाच वेळेपासून ठेवले जातात आणि आधी चाकाचे तापमान, मग कठीणपणा नोंदवला जातो.

तापमानाचा हा प्रश्न नवा नाही. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज या बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीत पूर्व जर्मनीच्या महिला खेळाडूंना गाडीच्या धावपट्ट्या तापवल्याच्या कारणावरून बाद करण्यात आले, कारण गरम पोलाद बर्फावरून अधिक सहज घसरते. १९७३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे मुलांच्या उतारगाड्यांच्या शर्यतीत विजेत्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. प्रारंभरेषेवरची पोलादी फळी खाली पडताना तो गाडीला पुढे ओढून घेत असे. तो विजय रद्द झाला. नवीन तपासनिसाने ही दोन्ही प्रकरणे मुद्दाम अभ्यासावीत, कारण पहिल्यात साहित्याची अवस्था बदललेली होती, तर दुसऱ्यात साहित्यात परकी वस्तू दडवलेली होती, आणि या दोन्हींची तपासणी वेगवेगळ्या पद्धतीने करावी लागते.

कापसाच्या खरेदीत काटा जसा शेतकऱ्याच्या नजरेसमोर असावा लागतो, तसे मोजमाप स्पर्धकाच्या समोरच झाले पाहिजे. आकडा मोठ्याने वाचावा, नोंदवहीत त्याची सही घ्यावी आणि प्रशिक्षकाची मुले असोत वा आदिवासी पाड्यावरून आलेली, क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरवावा. जे आपल्याला प्रारंभरेषेवर मोजता येत नाही, त्याचा नियम करू नये, असे माझे ठाम मत आहे. तसा नियम फक्त ओळखीच्या माणसांच्या सोयीने वापरला जातो.

सुरुवात करणाऱ्याने बारीक मापे घेणारे व्हर्नियर कॅलिपर, ड्युरोमीटर, स्पर्श न करता तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि वजनकाटा हाताळायला शिकावे, आणि जिल्ह्यातील स्केटिंग स्पर्धांत प्रथम नोंदी ठेवण्याचे काम मागून घ्यावे. अंतिम फेरीनंतर पहिल्या तिघांचे बोर्ड निकाल जाहीर होईपर्यंत आपल्याच ताब्यात ठेवावेत, चाके निवल्यावर पुन्हा मोजावीत आणि त्यानंतरच निकालपत्रावर सही करावी.