बाकावरून ‘ओ मॅडम!’ आलं की काय करायचं

सातारा-सांगलीकडं शालेय बास्केटबॉलला शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्यांची पंचाईत अशी की, बाकावरचे कोच कधी अनोळखी नसतात. कुणी आपल्याला ड्रिबलिंग शिकवलेले सर, कुणी शेजारच्या शाळेतले क्रीडाशिक्षक, तर कुणी दुपारी आपल्याच पोरींच्या मॅचला पंच म्हणून उभे राहणारे. त्यामुळं नव्या पंचांना माझं पहिलं सांगणं हेच, की मैदानात सगळे ‘सर’ आणि ‘मॅडम’. काका-दादा संकुलाच्या फाटकाबाहेर. माझे जुने सर अजून ओरडतात, ‘अगं ए, बघ की जरा!’ मी म्हणते, ‘सर, घड्याळ थांबू दे, मग विचारा.’ तेवढ्यावर भागतं.

मॅचआधी दोन्ही बाकांकडे जाऊन या. हात मिळवा आणि सांगा, की एका वेळी एकानंच उभं राहायचं, मुख्य कोच किंवा पहिला सहायक. काही विचारायचं तर चेंडू डेड, म्हणजे खेळ थांबलेला असताना, शांतपणे. नवे पंच हे टाळतात आणि तेवढ्या वेळात चेंडूची हवा चार वेळा तपासतात.

आता ओरडणं. ‘मॅडम, फाऊल किती नंबरवर?’ हा प्रश्न आहे, उत्तर द्यायचं. ‘फाऊल! फाऊल!’ ही मागणी आहे. ऐकू आलं नाही असं समजून पळत राहायचं. ‘चष्मा बदला’ हे मात्र तुमच्यावर आहे, खेळावर नाही. तिथं दुर्लक्ष केलंत तर पाच मिनिटांत समोरचा बाकही तेच शिकतो.

सगळ्यात जास्त आरोळी येते ती ‘तीन सेकंद!’ची, आणि तीही बहुतेक वेळा चुकीच्या क्षणी. आपल्या संघाकडं चेंडू असताना समोरच्यांच्या बास्केटखालच्या चौकटीत सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, तो हा नियम. बास्केटखाली चौघीजणी उड्या मारतायत, शॉट लागत नाही, रिबाउंड, पुन्हा शॉट, आणि बाकावरून मोठ्यानं मोजणी चालू. पण शॉट हातातून सुटला की चेंडूवर कुठल्याच संघाचा ताबा राहत नाही, आणि ताबा नाही तर तीन सेकंदांची मोजणीही नाही. पुढच्या डेड बॉलला बाकाजवळून जाताना एवढंच म्हणायचं, ‘शॉट सुटला होता, सर, ताबा नव्हता.’ एक वाक्य, नियमातला शब्द, आणि पुढं चालायचं. ‘मला वाटलं’ म्हटलंत की वाद सुरू. ‘स्टेप्स!’चंही, म्हणजे चेंडू धरून जास्त पावलं टाकल्याच्या (ट्रॅव्हलिंगच्या) आरोळीचंही तसंच. धावता धावता चेंडू घेणाऱ्या खेळाडूची पावलं २०१७ पासून फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत वेगळी मोजतात, पण कित्येक कोचांची मोजणी अजून जुनीच. तो वर्ग मॅच चालू असताना घेऊ नका. आणि खरंच दिसलं नसेल तर ‘मधे खेळाडू होती, मला दिसलं नाही’ असं सरळ सांगा. यानं कोच जेवढा पटकन गप्प होतो तेवढा नियमानं होत नाही.

बोलताना हात खाली, आवाज त्यांच्यापेक्षा हळू, बोट कधीच दाखवायचं नाही. कोचसमोर छाती काढून उभं राहू नका. शेजारी, मैदानाकडं तोंड करून उभं राहा. म्हणजे दोघं मिळून खेळ बघतोय असं दिसतं, भांडतोय असं नाही.

एक लक्षात ठेवा, मुरलेला कोच झालेल्या शिट्टीसाठी ओरडत नाही, त्याचा डोळा पुढच्या शिट्टीवर असतो. म्हणून भरपाईची, म्हणजे आधीची चूक फेडायला त्याच्या बाजूनं दिलेली, शिट्टी वाजवायची नाही. पण तोच कोच दोनदा म्हणाला की सात नंबर पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, ढकलतेय, तर पुढच्या वेळी तिथं नजर ठेवायला काय हरकत आहे? ढकललं तर फाऊल, नाही तर नाही.

तरीही थांबत नसेल तर एक स्पष्ट इशारा, शक्यतो टेबलालाही, म्हणजे स्कोअरर बसतात तिथंही, ऐकू जाईल असा. त्यानंतर टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाऊल. रागानं नाही, ट्रॅव्हलिंग देतो तितक्या थंडपणे हातांनी ‘टी’ दाखवा, टेबलाला कळवा आणि बाकापासून लांब जा. जवळ साथीदार पंचानं थांबावं, ज्यानं दिला त्यानं नाही. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, मग खेळ थांबला होता तिथून पुढं. कोच स्वतः बोलला असेल तर गुणपत्रकावर त्याच्या नावापुढं ‘सी’, बाकावरचा दुसरा कुणी बोलला तर ‘बी’, तोही कोचच्याच खात्यात. दोन ‘सी’ झाले, किंवा सगळे मिळून तीन, की कोच बाहेर. हे टीम फाऊलमध्ये धरत नाहीत. स्कोअररला आधीच सांगून ठेवा, आमच्याकडं तिथं हमखास गोंधळ होतो. चौदा वर्षांखालच्या मॅचमध्ये स्कोअर बारा-दहा असतो, तिथं एक गुण म्हणजे पुष्कळ. जाळीपलीकडच्या पालकांना दाखवण्यापुरतं ओरडणारा कोच एवढ्यानं बसतो.

मॅच संपल्यावर चर्चा नको, चहाला हो म्हणा. फक्त गुणपत्रकावर मुख्य पंचानं सहीची घाई करू नये. सही होईपर्यंत मॅच तुमच्याच ताब्यात असते. तोवर कुणी टेबलाशी येऊन वाटेल ते बोललं, तर त्याची नोंद त्याच कागदावर करता येते.