खासगी पार्किंग चार्ज: कंपनीने अपील फेटाळल्यावर पुढे काय करायचं

सुपरमार्केट, रिटेल पार्क किंवा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी जास्त वेळ राहिली म्हणून १०० पौंडांची नोटीस घरी येते. तुम्ही कंपनीला कारण कळवता आणि काही दिवसांनी ठरावीक मजकुराचं पत्र येतं: अपील नामंजूर. बरेच जण इथेच पैसे भरून टाकतात. पण पहिलं अपील वाचणारी कंपनी तीच असते जिला पैसे हवे आहेत, त्यामुळे त्या नकारावरून तुमची बाजू लंगडी आहे असं काहीच ठरत नाही. यानंतरची पायरी कंपनीबाहेरच्या यंत्रणेपुढे असते आणि तिथलं लिखाण पहिल्या पत्रापेक्षा पूर्ण वेगळं असावं लागतं.

हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये खाली सांगितलेला २०१२ चा कायदा लागू नाही.

आधी नोटीस कोणाची ते पाहा

काउन्सिलची नोटीस आणि खासगी कंपनीची नोटीस, दोन्हींना लोक ‘पीसीएन’च (पेनल्टी किंवा पार्किंग चार्ज नोटीस) म्हणतात आणि दोन्ही दिसायलाही सारख्या असतात. काउन्सिलची नोटीस हा कायद्याने लावलेला दंड असतो आणि त्याचं अपील सरकारी ट्रायब्युनलकडे जातं. खासगी नोटीस म्हणजे कराराचा भंग झाला असं म्हणून पाठवलेलं बिल. काउन्सिलचं किंवा पोलिसांचं नाव असेल, तर पुढचं काहीच लागू पडत नाही.

खासगी कंपन्या दोन संघटनांपैकी एकीच्या सदस्य असतात. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सदस्य कंपनीने नकार दिला, की प्रकरण ‘पोपला’ या अपील सेवेकडे जातं. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीच्या सदस्य कंपनीने दिला, की ‘आयएएस’ या दुसऱ्या अपील सेवेकडे. पोपलासाठी नकाराच्या पत्रात दहा अंकी कोड असतो आणि पत्राच्या तारखेपासून २८ दिवस मिळतात. आयएएसची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून पत्रात छापलेली तारीखच खरी धरा. मुदत चुकली तर मुद्दे कितीही भक्कम असले तरी ते कोणी वाचणार नाही.

पैसे भरू नका, असं सरसकट सांगता येत नाही. चौदा दिवसांत भरल्यास १०० चे साधारण ६० पौंड होतात, आणि बाहेर अपील केलं की ही सवलत सहसा जाते. पाट्या ठळक होत्या, गाडी दोन तास जास्त होती, नोटीस वेळेत आली आणि मजकुरातही खोट नाही, अशा वेळी ६० पौंड भरणं हेच शहाणपण. भरल्यावर मात्र अपिलाचा हक्क संपतो. ‘आधी भरू, मग भांडू’ इथे चालत नाही.

गाडी कोण चालवत होतं, हे लिहिलंत का?

पहिल्या अपिलाची प्रत काढा आणि हे एकच शोधा. ‘मी गाडी लावली’, ‘मी परत आलो तेव्हा’ असं काही लिहिलं असेल, तर ड्रायव्हर कोण हे तुम्हीच सांगून टाकलंत. पुढचे एक-दोन सर्वात धारदार मुद्दे मग हातातून गेले आणि पाट्या, परवानगी, वेळ यांवरच भर द्यावा लागेल.

लिहिलं नसेल, तर यापुढेही लिहू नका. अपील ‘नोंदणीकृत कीपर’ (ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो) म्हणून करा आणि सगळीकडे ‘ड्रायव्हरने’, ‘गाडी’ असेच शब्द वापरा. हे खोटं बोलणं नव्हे. खासगी कंपनीला ड्रायव्हरचं नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन कीपरवर नाही. उलट ‘मी चालवत नव्हतो’ असं खोटं लिहिणं चूक आहे आणि पुढे कोर्टात ते फार महागात पडतं.

कारण असं. करार झालाच असेल तर तो ड्रायव्हरशी झालेला असतो. डीव्हीएलए या सरकारी वाहन नोंदणी संस्थेकडून कंपनीला नाव मिळतं ते कीपरचं. कीपरकडून पैसे मागायचे, तर ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२’च्या चौथ्या परिशिष्टातल्या अटी कंपनीने तंतोतंत पाळाव्या लागतात. एक जरी चुकली, तरी मागणी फक्त ड्रायव्हरकडे करता येते, आणि ड्रायव्हर कोण ते तिला ठाऊक नसतं.

दिवस बोटावर मोजा

कॅमेऱ्याने नोंद झाली आणि काचेवर काही लावलं नव्हतं, तर नोटीस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांत कीपरला मिळायला हवी. पाठवली, एवढं पुरेसं नाही. पोस्टाने पाठवलेली नोटीस पाठवल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळाली असं कायदा धरतो.

समजा पार्किंग ३ मार्च २०२५, सोमवारचं. मोजणी ४ मार्चपासून, शेवटचा दिवस १७ मार्च. नोटिशीवर १३ मार्च, गुरुवार ही तारीख असेल, तर ती सोमवारी १७ तारखेला मिळाली असं धरलं जाईल; म्हणजे वेळेत. तीच तारीख १४ मार्च, शुक्रवार असेल, तर शनिवार-रविवार वगळून मंगळवार १८ मार्च येतो आणि कीपरची जबाबदारी संपते. एका दिवसाने! बँक हॉलिडे मध्ये आला तर तोही वगळा.

काचेवर नोटीस लावली असेल तर हिशेब वेगळा. आधी २८ दिवस ड्रायव्हरचे, आणि त्यांनंतरच्या २८ दिवसांत कीपरला टपालाने दुसरी नोटीस मिळायला हवी. वरच्याच उदाहरणात ती १ ते २८ एप्रिलच्या दरम्यान यायला हवी. काही वेळा कंपनी ही दुसरी नोटीस पाठवतच नाही, कारण कीपरने आधीच अपील करून आपलं नाव-पत्ता दिलेला असतो. ती आली नाही, हा स्वतंत्र आणि दमदार मुद्दा आहे.

तारखा जुळल्या, तर नोटिशीचा मजकूर वाचा. गाडी, जागा आणि पार्किंगचा कालावधी तिच्यात असायला हवा. शिवाय २८ दिवसांत पैसे किंवा ड्रायव्हरचं नाव-पत्ता मिळाला नाही तर कीपरकडून वसुलीचा हक्क येईल, हा इशाराही हवा. रेल्वे स्टेशन किंवा विमानतळ अशा ठिकाणी जमिनीला स्वतःच्या उपविधी लागू असतील, तर हे परिशिष्ट तिथे चालतच नाही. हीथ्रोला आई-बाबांना सोडायला गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाडी कंपनीमार्फत लीजवर घेतलेली असेल, तर आणखी एक पायरी येते. आयटीत काम करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक घरांत सॅलरी सॅक्रिफाइसची (नोकरीमार्फत, पगारातून हप्ता कापून घेतलेली) गाडी असते. लीज कंपनीने तुमचं नाव कळवलं, तर पार्किंग कंपनीने तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीसोबत भाडेकराराची आणि जबाबदारी स्वीकारल्याच्या निवेदनाची प्रतही यायला हवी. प्रती जोडलेल्या नसतील, तर तोच पहिला मुद्दा करा. आणि लीज कंपनीने परस्पर पैसे भरून ते तुमच्या पगारातून कापू नयेत, म्हणून त्यांना त्याच दिवशी ईमेल टाका.

इतर मुद्दे आणि त्यांचा पुरावा

पाट्या: जागेवर जा आणि फोटो काढा. प्रवेशाचा फोटो गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. घटना रात्रीची असेल तर रात्रीच जा. गाडी जिथे उभी होती तिथून सर्वात जवळची पाटी किती दूर, आणि चार्जची रक्कम त्यावर किती मोठ्या अक्षरात आहे, हे फोटोत दिसलं पाहिजे. अनेक पाट्यांवर ‘२ तास मोफत’ हातभर मोठं आणि १०० पौंड तळाच्या बारीक मजकुरात असतं.

जमीनमालकाची परवानगी: जमीन कंपनीची नसते. चार्ज लावण्याची लेखी परवानगी तिच्याकडे असायला हवी. करार आजही चालू आहे का, त्यात हीच जागा आणि हाच नियम आहे का, हे सिद्ध करायला सांगा. हे एक वाक्य प्रत्येक अपिलात असू द्या, कारण भार कंपनीवर पडतो.

वेळ: कॅमेरा गाडी आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टिपतो, पार्किंगची नाही. जागा शोधणं, पाटी वाचणं, बाहेर पडायला रांगेत थांबणं हे सगळं त्यातच येतं. उद्योगाच्या सामायिक आचारसंहितेनुसार परवानगी असलेल्या पार्किंगनंतर किमान १० मिनिटांची सूट द्यावी लागते. त्याच दिवशी गाडी दोनदा आत आली असेल, तर पहिलं येणं आणि दुसरं जाणं जोडून एकच मोठी भेट दाखवली जाते. मधल्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे पेट्रोलची पावती, बँकेची नोंद किंवा फोनमधल्या लोकेशनवरून दाखवता येतं.

मशीनवर नंबर चुकला: एखादंच अक्षर चुकलं, जसं ‘ओ’च्या जागी शून्य, तर संहितेनुसार चार्ज रद्द व्हायला हवा. भलताच नंबर टाकला गेला पण पैसे भरले होते, तर चार्ज २० पौंडांवर यायला हवा. कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये निघण्याआधी पैसे भरले असतील, तर आत आल्यावर पाच मिनिटांहून उशिरा भरले एवढ्यावरून आता चार्ज लावता येत नाही; ही दुरुस्ती फेब्रुवारी २०२५ पासूनची.

आता न चालणारे मुद्दे. ‘दुकानाचं काहीच नुकसान झालं नाही, मग १०० पौंड कसले?’ हा प्रश्न मनाला पटतो, पण ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात तो निकालात काढला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या जागी ५६ मिनिटं जास्त, चार्ज ८५ पौंड, आणि कोर्टाने तो वैध ठरवला. त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र आपल्या कामाचा आहे: तिथल्या पाट्या मोठ्या, ठळक आणि भरपूर होत्या. तुमच्या जागेवरच्या पाट्या तशा नसतील, तर तीच तुलना मांडा.

मुलाला उलटी झाली, सासूबाईंना जिना उतरायला वेळ लागला, बिलिंगला रांग होती, ही कारणं खरी असली तरी पोपला चार्ज नियमाने लावला का एवढंच बघतं. ती दुकानाला सांगा. पावती जोडून स्टोअर मॅनेजर आणि मुख्य कार्यालय या दोघांना लिहा आणि चार्ज रद्द करायला सांगा. हॉस्पिटल असेल तर ‘पॅल्स’ या रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागाला. माझ्या मते हा सर्वात कमी वापरला जाणारा आणि सर्वात चांगला रस्ता आहे. नकारानंतरही तो खुला असतो आणि अपिलाबरोबरच चालवता येतो. अपंगत्वामुळे वेळ लागला असेल, तर २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टचा उल्लेख दोन्हीकडे करा.

अपील लिहिणं आणि नंतरचे सात दिवस

नकार आला त्याच दिवशी कंपनीच्या डेटा प्रोटेक्शन अधिकाऱ्याला ईमेल करून तुमच्या गाडीविषयीची सगळी माहिती मागवा: फोटो, पत्रं, मशीनवरची नोंद. हे मोफत असतं, पण उत्तराला त्यांना एक महिना मिळतो, म्हणून उशीर नको.

अपील इंग्रजीत, पीडीएफ स्वरूपात, क्रमांक दिलेल्या मथळ्यांखाली लिहा. पहिला मुद्दा कीपरच्या जबाबदारीचा, मग परवानगी, मग पाट्या, मग वेळ. फोटो मजकुराच्या मध्येच, त्या-त्या मुद्द्याखाली टाका. वेगळी अल्बमसारखी फाइल जोडली तर वाचणाऱ्याला कुठला फोटो कशाचा ते कळत नाही. सुरुवातीलाच सगळे मुद्दे हवेत, नंतर नवीन घेता येत नाहीत.

पोपलाकडे कंपनी पुराव्याचा गठ्ठा पाठवते आणि त्यावर बोलायला तुम्हाला सात दिवस मिळतात. ईमेल स्पॅममध्ये जातो, रोज पाहा. गठ्ठ्यात चार गोष्टी शोधा: पाट्यांच्या फोटोंवरची तारीख जुनी आहे का, करारावरची मुदत संपली आहे का, तिथे दिलेला पत्ता आणि नोटिशीतला पत्ता एकच आहे का, आणि तुमच्या कुठल्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही. शेवटचं सापडलं, तर ‘मुद्दा २ वर कंपनीने काहीही म्हटलेलं नाही’ असं एका ओळीत लिहा. कधी कधी कंपनी गठ्ठा पाठवतच नाही आणि माघार घेते.

पोपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. आयएएसच्या नेहमीच्या मोफत अपिलाचंही तसंच. तिथे गाडीचालकांना फारसा दिलासा मिळत नाही असा सर्वसाधारण समज आहे, पण हरल्याने तुमचं कायदेशीर स्थान बदलत नाही.

हरलात तर

वसुली एजन्सीची पत्रं येतील आणि रकमेत ७० पौंडांपर्यंत भर पडेल. या एजन्सी बेलिफ (जप्ती करणारे अधिकारी) नसतात, घरात शिरण्याचा किंवा वस्तू नेण्याचा त्यांना काहीही अधिकार नाही. पण ‘लेटर बिफोर क्लेम’ (दावा करण्याआधीचं इशारापत्र) आलं, तर ३० दिवसांत लेखी उत्तर द्या. त्यानंतर नॉर्थॅम्प्टनहून कोर्टाचा फॉर्म आला, तर तो मिळाल्यापासून १४ दिवसांत पोचपावती नोंदवा. तसं केलं की बचाव मांडायला एकूण २८ दिवस होतात. मिळाल्याची तारीख फॉर्मवरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी धरतात. बचाव दाखल झाल्यावर फोनवरची मोफत मध्यस्थी मे २०२४ पासून सक्तीची आहे. तिथे काही कबूल करण्याची सक्ती नाही, हजर राहण्याची आहे.

मूळ १००, वरचे ७०, कोर्ट फी ३५ आणि वकिलाचे ठरावीक ५० धरले, तर दाव्याचा आकडा साधारण २५५ पौंडांपर्यंत जातो. वरचे ७० अनेक न्यायाधीश नाकारतात, म्हणून बचावात त्यांवर वेगळा आक्षेप घ्या.

घर बदललं असेल तर पार्किंग कंपनीला नवा पत्ता लेखी कळवा आणि डीव्हीएलएकडे लॉगबुकवरचा पत्ताही बदला. भाड्याचं घर दर वर्षी बदलणाऱ्यांचं सर्वात मोठं नुकसान इथे होतं: कोर्टाचा फॉर्म जुन्या पत्त्यावर जातो, उत्तर जात नाही, आणि एकतर्फी सीसीजे (कोर्टाचा पैसे भरण्याचा निकाल) लागतो. तो सहा वर्षं क्रेडिट नोंदीत राहतो आणि मॉर्गेज अडवतो. निकालानंतर एका महिन्यात पूर्ण रक्कम भरली, तर ही नोंद काढून टाकली जाते.