कॅम्परसाठी जुनी व्हॅन कशी शोधावी?

जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासाची गाडी, करायचे ठरले की बहुतेक जण आधी इंजिनाची चौकशी करतात. वास्तविक इंजिन बोअर करून (झिजलेले सिलिंडर पुन्हा घासून) घेता येते, अगदीच गेले असेल तर नियमानुसार नोंद करून बदलताही येते. कुजलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र पैसे ओतूनही सहसा सुटत नाहीत. म्हणून आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन या क्रमाने गाडी पाहावी.

त्याआधी कोणती गाडी हवी, हे ठरवावे. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या मारुती ओम्नीचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि ७९६ सीसीचे तिचे इंजिन कोणत्याही मिस्त्रीच्या हातचे असते. परंतु तीत दोघांची झोपण्याची सोय जेमतेम होते, उभे राहता येत नाही, आणि इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने उन्हाळ्यात चालकाला चांगलीच धग लागते. उभे राहून स्वयंपाक करायचा असेल तर उंच छताची टेम्पो ट्रॅव्हलर पाहावी. ती १९८७ पासून बाजारात आहे आणि आजही बनते, त्यामुळे सुट्या भागांची फारशी चिंता नसते. १९६९ पासून निघालेल्या मॅटॅडोरचा मोह अनेकांना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण तिचे उत्पादन थांबून बराच काळ लोटल्यामुळे काचेच्या रबरापासून दिव्यापर्यंत सगळे भंगार बाजारात हुडकावे लागते. पहिलीच गाडी करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

शोध घेताना शाळेची वाहतूक बंद केलेले चालक, लहान खासगी रुग्णालये, केटरिंगवाले आणि गावातले डेंटिंग-पेंटिंगवाले यांच्याकडे विचारपूस करावी. जाहिरातीत न आलेल्या गाड्या त्यांना ठाऊक असतात. सरकारी खात्यांच्या निर्लेखित (वापरातून काढलेल्या) वाहनांचा लिलाव स्वस्त वाटतो, पण तेथे सावध राहावे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. अशी रुग्णवाहिका कितीही सुस्थितीत दिसली तरी रस्त्यावर आणता येणार नाही.

कागद पाहताना आरसी बुकावरचा चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरला आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो, तेव्हा हा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालणारी असेल तर परमिट रद्द करून ती खासगी वर्गात आणण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच लिहून घ्यावे. सीएनजी किट असल्यास त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखला मागावा.

पत्र्याची तपासणी सर्वांत जास्त वेळ खाते, आणि तो द्यावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई किंवा गोव्यात आयुष्य काढलेल्या गाडीपेक्षा सोलापूर, धुळे किंवा मराठवाड्यातली गाडी बहुधा कोरडी निघते. मात्र क्रमांकावरून फक्त पहिली नोंदणी कळते, गाडी पुढे कोठे उभी राहिली ते विचारावे लागते. सोबत टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, टेप आणि मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक न्यावे. चुंबक चाकावरच्या कमानीजवळ आणि दारांच्या खालच्या कडेला फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. मग छताच्या कडेची पन्हळ, पुढच्या काचेच्या रबराखालची जागा आणि सरकत्या दाराची पट्टी पाहावी. मॅट उचलून फरशीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचावा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. टोच आत गेली किंवा खपली सुटली तर पत्रा कापून नवा जोडावा लागेल. असा डाग पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जेथे चासीला अडकवतात त्या जागी असेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत. पावसाळ्यात, मोठी सर पडून गेल्यावर गाडी पाहता आली तर फारच उत्तम, कारण गळती लपवता येत नाही.

इंजिन सकाळी, थंड असतानाच सुरू करायला सांगावे. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराचा भपका आला तर बोअरचे काम जवळ आले आहे. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पेडलच्या झिजलेल्या रबरावर विश्वास ठेवावा.

सौदा ठरल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन हस्तांतरण लगेच दाखल करावे आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाव चढेपर्यंत छताला भोक पाडू नये किंवा सीट काढू नयेत. त्यानंतरही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कोणत्या बदलांना परवानगी लागते, हे आराखडा घेऊन आरटीओत विचारावे आणि मगच सुताराला बोलवावे.