गच्चीतल्या माठात इंदूर पद्धतीचं खत

इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय मुरली आहे, म्हणजे खताचं निम्मं काम झालेलंच असतं. ओला कचरा गाडीत न टाकता गच्चीत किंवा गॅलरीत जिरवायचा, एवढंच उरतं. पद्धतही इथलीच. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वरखाली करत खत केलं. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते.

दोन माठ किंवा झाकणाच्या जुन्या बादल्या घ्या. एक भरून मुरत असताना दुसरा चालू राहतो. तळाला नि बाजूंना भोकं पाडून विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी चार बोटं सुका पाला, त्यावर मूठभर शेणखत. मग रोजची देठं, साली, चहाचा चोथा, दोरा काढलेलं निर्माल्य, सगळं बारीक चिरून घाला.

खरी मेख पुढे आहे: वाटीभर ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुकं हवंच. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीसपट कर्ब लागतो आणि तो पाल्यात असतो. पाला कमी पडला की हवा कोंडते, घाण वास सुटतो, चिलटं येतात. अशा वेळी फवारे आणू नका, पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळा. (प्लायवूडचा भुसा नको.) म्हणून पानगळीत गोणी भरून ठेवा. मांस, हाडं, दूध, तेलकट शेव वर्ज्य. शेव इंदुरात उरते कुठे म्हणा!

मूठभर मिश्रण दाबून पाहा. गोळा टिकावा, पाण्याची धार लागू नये. माळव्याच्या उन्हाळ्यात पाणी शिंपडा, पावसाळ्यात माठ आडोशाला घ्या. आठवड्यातून दोनदा खुरप्यानं हलवा. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. वरून पाला पसरा.

हॉवर्डांचा ढीग चांगलाच तापायचा, एवढासा माठ तापत नाही. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि बियाही मरत नाहीत. कुंडीत टोमॅटो किंवा पपई आपोआप उगवते. ठेवायची की उपटायची, तुम्ही ठरवा.

माठ भरल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. चाळून एक भाग खताला तीन भाग माती घ्या. चाळणीत उरलेला जाडा भाग दुसऱ्या माठात टाका, विरजणाचं काम करतो.